तागडी तीनच गोष्टी सांगते

चाळीसगावातल्या माझ्या किराणा दुकानाच्या ओट्यावर दोन फळे टांगलेले आहेत. एकावर तूरडाळ, शेंगदाणा, गोडेतेल यांचे त्या दिवशीचे भाव. दुसऱ्यावर दर सोमवारी एक कोडं. सोडवलं की शेंगदाण्याची एक चिक्की, फुकट. अकरा वर्षं झाली या उद्योगाला. चिक्कीचा खर्च मी जाहिरातीत धरतो, आमच्या सौ. तो वेडेपणात धरतात.

गल्ल्यावर बसून कोड्यापुढची माणसं बघायला मिळतात. बहुतेक जण फळा वाचत नाहीत, नुसता हुंगतात. दुसरी ओळ संपायच्या आत "नाना, सोळा!" म्हणून आकडा फेकतात. मी मान हलवली की "मग अठरा?" कोडं म्हणजे भाजीवाल्याशी घासाघीस नव्हे. घरी कोडी सोडवायला बसणाऱ्यांनी ही सवय आधी सोडावी. कागद घ्या, पेन घ्या आणि कोडं आपल्या शब्दांत परत लिहून काढा. लिहिताना हात अडखळला की समजायचं, गाठ तिथे आहे.

याचा नमुना म्हणून हे जुनं कोडं घ्या. तीन पाहुणे लॉजवर उतरले. भाडं ३०० म्हणून तिघांनी शंभर शंभर दिले. मग मॅनेजरच्या ध्यानात आलं की भाडं २५० च आहे. त्यानं ५० रुपये पोऱ्याकडे दिले. पोऱ्यानं २० खिशात घातले आणि तिघांना दहा दहा परत केले. म्हणजे प्रत्येकाचे ९० गेले, तिघांचे मिळून २७०. पोऱ्याकडे २०. झाले २९०. उरलेले दहा गेले कुठे?

हे लिहिलं त्या आठवड्यात ओट्यावर रोज भांडण. एका गुरुजींनी मलाच विचारलं, "नाना, ते दहा तुम्ही तर नाही ना ठेवले?" आता हे कोडं कीर्दवहीत मांडू. खिशातून गेले किती? २७०. पोचले कुठे? गल्ल्यात २५०, पोऱ्याच्या खिशात २०. दोन्ही बाजू २७०, वही मिटली. पोऱ्याचे २० हे त्या २७० च्या पोटातच आहेत. कोडं घालणाऱ्यानं तेच २० पुन्हा २७० वर चढवले. गेलेल्या रकमेत पोचलेली रक्कम मिळवली तर येणाऱ्या बेरजेला काही अर्थच नसतो, मग ती २९० येवो की ३१५. माझ्याकडे नवा पोरगा वही लिहायला बसला की पहिल्या महिन्यात नेमकी हीच चूक करतो. म्हणून एखाद्या कोड्यात कुणी तुमच्यासाठी बेरीज करून ठेवली असेल, तर ती बेरीज करायला हरकत नव्हती ना, हे आधी विचारा.

आता माझं आवडतं. माझ्या वडिलांच्या वेळी दुकानात शेर आणि मण चालायचे. एका मणाचे चाळीस शेर. व्यापाऱ्याकडे एक मणाचा दगड होता. तो हातातून पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. व्यापारी रडायच्या ऐवजी हसला, कारण त्या चार तुकड्यांनी आता त्याला एका शेरापासून चाळीस शेरांपर्यंत कुठलंही पूर्ण वजन तोलता येऊ लागलं. तुकडे किती किती शेरांचे?

लोक लगेच चार आकडे घेऊन झटापट करतात आणि दमतात. चार सोडा, दोनच तुकडे आहेत समजा. एक शेर तोलायचा तर १ चा तुकडा हवा. आता २ तोलायचेत. दुसरा तुकडा २ चा घेता येईल, पण थोडी चैन करता येते: दुसरा ३ चा घ्या, तो एका पारड्यात टाका आणि १ चा तुकडा मालाच्या बाजूला ठेवा. ३ उणे १, माल २ शेर. इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. वजन मालाच्या पारड्यात ठेवायचं नाही असं कोड्यात कुठेही म्हटलेलं नसतं, ते आपणच मनाशी धरून बसलेलो असतो.

तर १ आणि ३ मध्ये १, २, ३, ४ एवढं साधलं. पुढे ५ हवेत. तिसरा तुकडा मोठ्यात मोठा किती घेता येईल? हातातले दोन्ही तुकडे मालाच्या बाजूला टाकले की त्यातून ४ वजा होतात, आणि उरायला हवेत ५. म्हणजे तुकडा ९ चा. त्यावर १३ पर्यंत मजल गेली. आता १४ हवेत: चौथ्या तुकड्यातून १३ वजा जाऊन १४ उरायचे, तर तो २७ चा. १, ३, ९, २७. बेरीज करा, बरोबर ४० शेर, एक मण. आमचं गावही चाळीसगाव, म्हणून मला हे कोडं घरचं वाटतं. फ्रान्सच्या बाशे नावाच्या गृहस्थानं १६१२ साली छापलेल्या कोड्यांमध्येही हे आहे.

यातली खरी मेख मला फार उशिरा कळली. प्रत्येक तुकड्याला तीनच जागा असतात: या पारड्यात, त्या पारड्यात, नाहीतर फळीवर. चार तुकड्यांच्या तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, ८१ मांडण्या. त्यातली एक म्हणजे सगळे फळीवर, ती फुकट. उरल्या ८०. पारड्यांची नुसती अदलाबदल केली तर वजन तेच राहतं, म्हणून निम्म्या, ४०. एकही मांडणी वाया गेली नाही. चार तुकड्यांत चाळीसच्या वर एक शेरही कुणाला चढवता आला नसता.

हा 'तीन' लक्षात ठेवा, कारण तागडीशी ज्या कोड्याचा संबंध येतो तिथे तो येतोच. डावं खाली, उजवं खाली, नाहीतर दांडी समान. तागडीला चौथं काही बोलता येत नाही.

एकदा दिवाळीच्या आधी लाइट गेलेली, इलेक्ट्रॉनिक काटा बंद. पोरानं साखरेच्या किलो किलोच्या नऊ पुड्या बांधल्या आणि मग म्हणतो, "नाना, एका पुडीत मी माप कमी टाकलं बहुतेक." कुठल्या पुडीत, ते आठवेना. माळ्यावरून वडिलांची तागडी काढली. एक एक पुडी तोलत बसलो असतो तर गिऱ्हाईक निघून गेलं असतं. तीन पुड्या डावीकडे, तीन उजवीकडे, तीन बाजूला. एक पारडं वर गेलं तर हलकी पुडी त्यात, दांडी समान राहिली तर बाजूच्या तिघींत. मग त्या तिघींतली एक इकडे, एक तिकडे, एक बाजूला. दोन तोलांत पुडी हातात. नऊ शक्यता, आणि दोन तोलांची उत्तरंही तीन गुणिले तीन, नऊच. पहिल्यांदा चार-चार तोलल्या असत्या तर? पारडं झुकलं की चार पुड्या संशयित उरतात आणि एका तोलाची उत्तरं तीनच. दैवानं साथ दिली तर सुटतं, एरवी अडतं.

आता तिखट घाला. बारा पुड्या आहेत. एक चुकीची, पण ती हलकी आहे की जड तेही माहीत नाही. तीन तोलांत शोधायची, आणि हलकी की जड तेही सांगायचं.

हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा खाली "चार तोलांत" असं लिहिलं होतं, कारण मला चारच्या आत येत नव्हतं. मार्केट यार्डातला एक हमाल तेल न्यायला आला, फळ्याकडे बघत बिडी संपवली, बारा सुपाऱ्या मागितल्या आणि तीनमध्ये करून दाखवलं. चिक्की घेतली नाही, म्हणाला दात दुखतो. सुपाऱ्या मात्र नेल्या.

त्याची रीत सांगतो, पण त्याआधी थोडा हिशेब, कारण पहिला तोल हिशेबानंच ठरतो, तागडीला हात न लावता. बारापैकी कुठलीही पुडी, हलकी किंवा जड: एकूण २४ शक्यता. तीन तोलांची उत्तरं २७. म्हणजे जागा आहे, पण ऐसपैस नाही. पहिल्यांदा सहा-सहा टाकल्या तर पारडं झुकणारच, आणि बारा शक्यता उरतील: खाली गेलेल्यांतली एखादी जड किंवा वर गेलेल्यांतली एखादी हलकी. उरलेल्या दोन तोलांची उत्तरं नऊ. गेलं. पाच-पाच टाकल्या तर झुकल्यावर दहा उरतात. तरी गेलं. तीन-तीन टाकल्या आणि दांडी समान राहिली तर बाहेरच्या सहा पुड्यांच्या बारा शक्यता. तेही गेलं. चार-चार टाकल्या तर झुकलं तरी आठ, समान राहिलं तरी आठ. म्हणजे पहिला तोल चार-चारचाच. उत्तर हाती नसतानाही पहिलं पाऊल असं सापडतं. कोड्यांत मला याहून जास्त मजा कशातच येत नाही.

पुड्यांवर १ ते १२ आकडे घाला. १, २, ३, ४ डावीकडे आणि ५, ६, ७, ८ उजवीकडे. समजा डावं खाली गेलं. मी इथेच अडकायचो, कारण मी पुड्या काढत जायचो. हमालानं काढल्या दोनच, बाकीच्यांतल्या काहींची पारडी बदलली. दुसऱ्या तोलाला डावीकडे १, २, ५. उजवीकडे ३, ४, ६. ७ आणि ८ बाजूला. आता बघा: डावं पुन्हा खाली गेलं, तर १ किंवा २ जड, नाहीतर ६ हलकी. उजवं खाली गेलं, तर ३ किंवा ४ जड, नाहीतर ५ हलकी. समान राहिलं तर ७ किंवा ८ हलकी. कुठेही तीनपेक्षा जास्त उरलं नाही आणि तिसऱ्या तोलाकडे तीन उत्तरं आहेतच. १ आणि २ एकमेकांसमोर ठेवा: खाली जाईल ती जड, दोन्ही सारख्या असल्या तर चोर ६.

पहिल्याच तोलात दांडी समान राहिली तर? मग ९ ते १२ संशयित आणि बाकी आठ साव. तिथून पुढचं तुम्ही करा. सावांचा उपयोग करायला विसरू नका. एवढंच सांगतो की दुसऱ्या तोलाला एका बाजूला तीन सावच ठेवायचे.

कागदावर डोकं फिरलं तर खरंच सुपाऱ्या घ्या, बटणं घ्या, चिंचोके घ्या. यात लाज कसली? वाघ, शेळी आणि गवताची पेंढी नावेतून पार न्यायचं कोडं पोरं खडूचे तुकडे सरकवून दोन मिनिटांत सोडवतात. मोठी माणसं डोळे मिटून सोडवायला बघतात आणि शेळी परत आणायची असते हे त्यांना काही केल्या सुचत नाही.

डब्यांचं कोडं पटकन सांगतो. तीन बंद डबे. चिठ्ठ्या 'तूर', 'मूग' आणि 'मिसळ'. तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या डब्यांवर लागल्यात. एका डब्यातला फक्त एक दाणा काढून बघायचा आणि तिन्ही डबे ओळखायचे. 'तिन्ही चुकीच्या' हे लोकांना संकट वाटतं, पण त्या कोड्यात तेवढीच तर ठाम बातमी आहे! 'मिसळ' लिहिलेल्या डब्यात मिसळ नाही, हे नक्की. म्हणून दाणा तिथलाच काढा. तुरीचा निघाला तर तो सगळा डबा तुरीचा. आता 'मूग' लिहिलेल्यात मूग नसणार आणि तूर तर सापडली, म्हणजे तिथे मिसळ. राहिला 'तूर' लिहिलेला, त्यात मूग. दुसऱ्या कुठल्याही डब्यातून दाणा काढाल तर तो एकट्या डाळीचा की मिसळीतला हे कळेलच असं नाही.

गावापासून जवळच, गौताळ्याच्या डोंगरात, पाटणादेवी आहे. तिथल्या पाटणचा एक शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. शेवटच्या जुन्या मराठी भागात पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा कर मठाला दिल्याचं लिहिलंय. म्हणजे आमच्या भागात आठशे वर्षांपूर्वी बाजाराच्या पैशावर गणित शिकवलं जात होतं. सौ. चिक्कीचा हिशेब काढतात तेव्हा मी हा दाखला पुढे करतो. अजून उपयोग झालेला नाही.

त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत, ११५० सालच्या, भुंग्यांचं कोडं आहे. थव्यातले एक पंचमांश भुंगे कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर. या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर. एक भुंगा मधेच हवेत भिरभिरत राहिला. थवा किती?

पोरं लगेच 'क्ष' मांडतात. मांडू द्या, चूक नाही. पण भास्कराचार्यांकडे दुसरी एक रीत आहे, इष्टकर्म, आणि ती दुकानदाराला पटकन पटते. मनाला येईल तो सोयीचा आकडा धरा. ३० धरू. एक पंचमांश ६, एक तृतीयांश १०, फरक ४, त्याची तिप्पट १२. बेरीज २८. हवेत उरले २. पण कोड्यात उरलाय १. तीस धरले तर दोन उरतात, मग एक उरायला किती धरायचे? त्रैराशिक, १५. ताळा बघा: ३, ५, ६ आणि १. जमलं. आकडा चुकीचा धरला म्हणून बिघडत नाही, किती चुकला ते मोजता आलं पाहिजे. मात्र सगळे वाटे पटीतले असतात तेव्हाच हे चालतं. कोड्यात 'आणि वर आणखी चार' असलं काही आलं की नुसतं त्रैराशिक फसवतं. तिथे 'क्ष'च बरा.

काही कोड्यांत उत्तर मागितलेलंच नसतं, नुसतं खेळत बसायचं असतं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना १९४९ साली असंच खेळताना ६१७४ सापडला. देवळाली आमच्याच रेल्वेलाइनवरची, म्हणून जरा अभिमान. कुठलेही चार आकडे घ्या, फक्त चारही सारखे नकोत. मोठ्यापासून छोट्याकडे लावा, मग छोट्यापासून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. येईल त्याचं पुन्हा तेच. आमच्या पिनकोडचे शेवटचे चार, ४१०१, घेऊ. ४११० उणे ०११४, आले ३९९६. ९९६३ उणे ३६९९, ६२६४. ६६४२ उणे २४६६, ४१७६. ७६४१ उणे १४६७, ६१७४. आणि ६१७४ वरून पुढे गेलात तर पुन्हा ६१७४ च. कुठूनही निघा, सात वजाबाक्यांच्या आत गाडी तिथे पोचते. २००५ ला सातही लागतात, करून बघा. मधेच तीनच आकडे आले, जसं ९९९, तर पुढे शून्य लावून ०९९९ धरायचं. हे विसरल्यामुळे "नाना, तुमचा कापरेकर चुकला" म्हणणारे दर वर्षी दोघे-तिघे येतात.

करताना नवाचा ताळा बघत चला. तेच आकडे फिरवून वजाबाकी केली की उत्तराला नवानं भाग जातोच. ३९९६ ची बेरीज २७, ६२६४ ची १८. नाही गेला तर वजाबाकी चुकली. तीन आकड्यांवर हाच खेळ ४९५ ला थांबतो. दोन आकड्यांवर तो थांबतच नाही: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९, असा गोल गोल. असं का, हे विचारणारा पोरगा भेटला की मी त्याला दोन चिक्क्या देतो.

कुस्त्यांच्या फडाचंही एक लहानसं कोडं आहे. ३७ पैलवान, हरला तो बाद, कधी कुणाला जोड मिळाली नाही तर तो तसाच पुढच्या फेरीत. शेवटचा एक उरेपर्यंत कुस्त्या किती? लोक फेऱ्या मोजतात, १८, मग ९, मग कोण बसला होता याचा घोळ. जिंकणाऱ्याकडे बघूच नका. प्रत्येक कुस्तीत एक जण हरतो, हरायचेत ३६. कुस्त्या ३६.

या सोमवारचं कोडं तेलाचं आहे. आठ लिटरचा डबा काठोकाठ भरलेला. दोन रिकामी मापं, एक पाच लिटरचं, एक तीनचं, मधल्या खुणा नाहीत. दोन गिऱ्हाइकांना चार चार लिटर द्यायचंय. सात वेळा ओतून होतं. आमच्या सौ.नी ते स्वयंपाकघरात खऱ्या भांड्यांनी करून पाहिलं आणि बाहेर येऊन बजावलं, की लोकांना सांगा, घरी पाण्यानं करा. तेलानं केलं तर दर ओतण्याला मापाला थोडं चिकटून राहतं, आणि सातव्या खेपेला दोघांनाही चार भरत नाही.